येऊरला शंभर रुपये? मग आम्ही चालायचं कुठे?

उपवनकर: काल इथे कुणीतरी येऊरबद्दल, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आमच्या ठाण्याकडच्या जंगलाबद्दल लिहिलं, 'येऊरच्या गेटवर माणशी शंभर रुपये लावा, गर्दी आपोआप हटेल.' तेव्हापासून डोकं तापलंय. मी रोज पहाटे साडेपाचला चढतो. महिन्याला तीन हजार झाले की हो! आणि बाटल्या फोडतं कोण? रात्री गाड्या घेऊन तिथल्या बंगल्यांवर पार्टीला येणारे. त्यांना शंभर म्हणजे चकण्याचे पैसे. २०१६ मध्ये उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे जंगलाला जपणारा निर्बंधांचा पट्टा, जाहीर झाला, पण डीजे काही थांबला नाही.

कोलबाडची: काका, रोजच्यांना पास देता येतो, उद्यानाच्या बोरिवलीच्या गेटला आहेच. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात गेटवर प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतलं. आमच्या पोरानं सुळक्याच्या वाटेवरून स्वतःची रिकामी बाटली तर आणलीच, वर दुसऱ्याच्या दोन उचलल्या. घरी ताट उचलत नाही तो.

ऐरोलीकर: आमच्याकडे खाडीत फ्लेमिंगो बघायच्या बोटीला पैसे मोजावेच लागतात. पण खरा लगाम बोटीतल्या जागांचा आणि भरती-ओहोटीचा. माणसं मोजा, नोटा नंतर मोजा.

पाड्यावरचा: पासबिस तुम्ही ठरवा. आमचा पाडा गेटच्या आत. आमच्या बारशाला आलेल्या मावशीकडे तिकीट कोण मागणार तेवढं सांगा.

टेकडीवाला: तिकीट राहू द्या, आधी वर कुत्र्यांना बिस्किटं घालणाऱ्यांना दंड करा. बिबट्याच्या विष्ठेत कुत्र्याचे केस सापडतात, अभ्यासकांनी केव्हाच दाखवलंय.

कोलबाडची: मी घालते बिस्किटं. चार कुत्र्यांची नसबंदीही केलीय, स्वतःच्या खर्चानं. तुम्ही काय केलंत?

टेकडीवाला: वा! पोरगा बाटल्या उचलणार, आई बिबट्याला पान वाढणार.

कोलबाडची: पोराला मध्ये आणू नका. तोंड सांभाळा!

उपवनकर: अहो, विषय शंभर रुपयांचा आहे...

टेकडीवाला: तुमचा असेल.

पाड्यावरचा: ताई, तुम्ही आठला खाली उतरता. कुत्री रात्री आमच्या अंगणात येऊन झोपतात, त्यांच्यामागे बिबट्या येतो. मागच्या पावसाळ्यात आमचा मोत्या नेला. सकाळी खुंट्याला साखळी तेवढी होती. तेव्हापासून आई अंधारात पोरांना मोरीवरसुद्धा एकटं सोडत नाही.

कोलबाडची: ...बरं. वर नाही घालणार. तुमच्यासाठी, त्या टेकडीवाल्यासाठी नाही. खाली उपवन तलावापाशी घालीन.

उपवनकर: तलावापाशी? आमच्या बिल्डिंगसमोर? त्यापेक्षा वरच घाला, मी शंभर रुपये भरतो!