अनुभव धागा : घरच्या वाफ्यातला लसूण, लावणीपासून काढणीपर्यंत

मंदसौर-नीमचकडे लसणाची शेती एकरांच्या हिशेबाने होते आणि तिचे ज्ञानही तिकडे घरोघरी आहे. पण आपल्या इंदुरात अंगणातल्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत लसूण लावणाऱ्यांचे अनुभव एकत्र वाचायला मिळत नाहीत. म्हणून हा धागा सुरू करत आहे. जे साधले तेही लिहावे आणि जे फसले ते तर अवश्य लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करतो. सुदामानगरातल्या आमच्या अंगणात चार फूट बाय सहा फुटांचा वाफा आहे. दसरा झाला की गड्डे फोडून बाहेरच्या मोठ्या, टणक पाकळ्या निवडतो आणि टोक वर ठेवून, दोन ओळींत १५ आणि दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर राखून टोकतो. साधारण १४० पाकळ्या बसतात. पहिल्या वर्षी पीक जोमदार आले, पण मार्चमध्ये ऊन तापू लागले म्हणून मी शेवटपर्यंत पाणी देत राहिलो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, हे ठाऊक असूनही. काढणीच्या दिवशी गड्डे वर आले तेव्हा बाहेरचे पापुद्रे काळे पडून कुजले होते आणि फुटलेल्या डाळिंबाप्रमाणे पाकळ्या उघड्या पडल्या होत्या. तो लसूण महिनाभरही टिकला नाही. आता काढणीच्या पंधरा दिवस आधी पाणी पूर्ण बंद करतो.

*

आपण पाण्याविषयी लिहिलेत ते अगदी खरे आहे. त्यात काढणीच्या वेळेची भर घालते. पात पूर्ण वाळेपर्यंत थांबावे, असे पुष्कळांना वाटते. तसे करू नये. लसणाचे वरचे प्रत्येक पान खाली गड्ड्यावरच्या एका पापुद्र्याशी जोडलेले असते, त्यामुळे वर जितकी पाने हिरवी, तितकी आवरणे खाली शाबूत असतात. खालची तीन-चार पाने वाळली आणि वर पाच-सहा हिरवी राहिली की मी कडेचा एक गड्डा उकरून पाहते. पाकळ्या भरून सालीला ताण बसलेला दिसला, तर दुसऱ्याच दिवशी काढणी. आमच्याकडे हा मुहूर्त बहुतेक रंगपंचमीच्या आसपास येतो. घरातली मंडळी राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची रंग उधळणारी मिरवणूक, पाहायला निघतात आणि मी खुरपे घेऊन वाफ्यात बसते. काळी माती वाळली की दगडासारखी होते, तेव्हा पात धरून ओढू नये. मान तुटते आणि गड्डा जमिनीतच राहतो. बाजूने खुरपे खोल घालून खालून उचलावा.

*

माझा अनुभव फसलेल्या लावणीचा आहे. घरात लग्नकार्य असल्यामुळे एका वर्षी लावणी संक्रांतीनंतर झाली. एप्रिलमध्ये उकरले, तर बोराएवढे गोल गोळे निघाले. एकातही पाकळ्या पडलेल्या नव्हत्या. गड्ड्यात पाकळ्या पडायला लसणाला आधी थंडीचे काही आठवडे मिळावे लागतात आणि त्यानंतर मोठा होत जाणारा दिवस व ऊब मिळाली की तो भरतो. माझ्या रोपांच्या वाट्याला थंडी फारशी आलीच नाही. सौ. म्हणाल्या, चटणीत घालून संपवून टाकू. निम्मे खरोखरच बाफल्यांबरोबरच्या चटणीत गेले, पण निम्मे मी जपून ठेवले आणि पुढच्या ऑक्टोबरात तेच लावले. त्यांतून पाकळ्या पडलेले, भरदार गड्डे निघाले. तेव्हा असा एककळी लसूण हाती आला, तर कृपया तो सगळा खाऊन टाकू नका.

*

आमच्याकडे फक्त गच्ची आहे. दहा इंच खोलीच्या क्रेटमध्ये माती, शेणखत आणि थोडी वाळू घालून लावतो. जानेवारीत पानांवर पांढुरके चट्टे दिसू लागले; भिंगातून पाहिले तर देठाच्या बेचक्यात फुलकिडे होते. कडुनिंबाच्या तेलाची फवारणी आठवड्याच्या अंतराने तीनदा केल्यावर ते आटोक्यात आले. कडेच्या काही रोपांची पात आम्ही कोवळी असतानाच कापतो. त्या रोपांचे गड्डे लहान राहतात, पण भाकरीबरोबर त्या पातीची गोडी वेगळीच असते.

*

सर्वांचे मनापासून आभार. एक गोष्ट राहिली. फेब्रुवारीत पीक जरा फिके दिसले म्हणून मी एकदा युरिया दिला, तर गड्डा भरण्याऐवजी पाकळ्यांनाच नवे कोंब फुटले. तेव्हापासून खत लावणीच्या वेळी आणि फार तर डिसेंबरअखेरपर्यंतच देतो. काढलेला लसूण धुवत नाही. माती हाताने झाडून, पातीसकट दहा दिवस सावलीत पसरतो आणि मग वेण्या घालून मागच्या व्हरांड्यात टांगतो. त्यांतली सर्वांत जड वेणी पुढच्या दसऱ्याच्या बियाण्याची असते, आणि तिला स्वयंपाकघरातून कोणी हात लावत नाही.