घरच्या पेशंटला आठवडाभर दुसऱ्याच्या हाती सोपवणं चूक आहे का?

जागरण: सासूबाईंना पॅरालिसिस होऊन तीन वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीने फीड, रात्री उठून डायपर, सगळं मीच करते आणि मनापासून करते. पण गेल्या महिन्यात सकाळची बीपीची गोळी मी दोनदा दिली, झोपच झाली नव्हती. निभावलं, पण जाम घाबरले. आता रेस्पाइट केअर घ्यायचं म्हणतेय, म्हणजे आठवडाभर त्यांना केंद्रात ठेवायचं नि मी नुसतं झोपायचं. घरचे म्हणतात, ही टाकूनच देतेय. मला वाटतं पेंगत केलेली सेवा त्यांनाच धोक्याची.

जुनं खोड: ताई, राग मानू नका पण माझा विरोध आहे. वडिलांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश होता, आठ दिवस अशाच केंद्रात ठेवलं. रोज संध्याकाळ झाली की घरी चला म्हणून दाराशी उभे राहायचे म्हणे. परत आले तर आपल्याच घरातलं बाथरूम सापडेना, घडी बसायला दोन महिने गेले. आराम आम्हाला झाला, भोगलं त्यांनी.

कोरा कागद: नवीन जागेत डिमेन्शियाचा पेशंट गोंधळतो हे खरंय, पण म्हणून सांभाळणाऱ्याने विसावाच घ्यायचा नाही? रेस्पाइट म्हणजे फक्त केंद्र नाही हो, दिवसापुरतं डे केअर असतं, घरी येऊन चार तास बसणारा माणूसही असतो. १९९९ च्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीदाराला सांभाळताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघाला होता. सांभाळणाराच आडवा झाला तर पेशंट कुणाकडे बघणार?

जुनं खोड: पण त्यातून आठवड्याची सुट्टी घेतली की धोका कमी होतो असं कुठे निघालं? आठव्या दिवशी तीच रात्र, तेच जागरण. आणि मुळात सगळं ताईंच्याच गळ्यात का? दीर नणंदा आहेत ना? आधी त्यांनी रात्री वाटून घ्याव्यात, परका माणूस नंतर.

जागरण: हे मात्र पटलं, दिराला आजच फोन करते, आठवड्यातल्या दोन रात्री तरी त्याने घ्यायच्या. पण केंद्राचा विचार सोडलेला नाही. आधी घरी येणारी बाई लावून बघते, पहिले काही दिवस मी समोरच बसणार, दरवेळी तीच बाई हवी. कागदावर लिहायला घेतलंय: फीड देताना डोकं वर, नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, डाव्या हाताला धरून ओढायचं नाही, त्यांना बोलता येत नाही पण सगळं कळतं, त्यामुळे आधी सांगायचं नि मगच हात लावायचा.