मदत हवी आहे : सर्पगंधेचे बी उगवत नाही, मूळ कापावे का?

गडचिरोली जिल्ह्यातील आमच्या ग्रामसभेच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात, नाल्याकाठच्या सावलीत, सर्पगंधेची मोजून 19 झुडपे उरली आहेत. रक्तदाबावर उपयोगी पडणारे रेसर्पिन तिच्या मुळात असते, म्हणून ती समूळच उपटली जाते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही पिकून काळी झालेली फळे कुस्करून धुतली, पाण्यावर तरंगणारे बी टाकून दिले आणि उरलेले 200 बी रात्रभर भिजवून माती, रेती व शेणखत भरलेल्या पिशव्यांत लावले. त्यांतील केवळ 23 उगवले. या वनस्पतीच्या बियांची उगवण मुळातच कमी असते व मुळांच्या तुकड्यांपासूनही रोपे होतात, हे ठाऊक आहे; परंतु इतक्या थोड्या झुडपांवर विळा चालवण्याचे धाडस होत नाही. बाहेरची रोपे आणून स्थानिक वाणात मिसळायची नाहीत, आणि रोपे तयार करून देणारी प्रयोगशाळा हाताशी नाही. मोहफुले वेचण्यासाठी पालापाचोळा जाळतात, ती आग पोचू नये म्हणून जाळरेषा काढली आहे. चराईही बंद आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे : जिवंत झुडपाचे बाजूचे मूळ कोणत्या महिन्यात आणि किती लांबीचे काढल्यास ते झुडूप दगावत नाही, की यंदाही बियांवरच भर द्यावा?