लहान मुलांना घेऊन जायकवाडीला जावे की गौताळ्याला?

दोन लेकरांची आई (छत्रपती संभाजीनगर) :
नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची असून मुलगा चार वर्षांचा आहे. शहरात सिद्धार्थ उद्यानात पिंजऱ्यातले प्राणी त्यांनी पाहिले आहेत, परंतु मोकळ्या रानात आपल्या मर्जीने वावरणारा जीव त्यांनी पाहावा, अशी माझी फार इच्छा आहे. जानेवारीत एक दिवस काढता येईल. पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि कन्नडजवळचे गौताळा अभयारण्य अशी दोन ठिकाणे मनात आहेत. सोबत सासूबाई असतील. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार जमणार नाही. कोणते ठिकाण निवडावे आणि कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ (पैठण) :
ताई, या वयाच्या मुलांसाठी आणि जानेवारी महिन्यासाठी मी निःसंशय जायकवाडी सुचवेन. जंगलात प्राणी दिसेलच असे नसते, आणि चार वर्षांच्या मुलाला तासभर नुसती झाडे दाखवून थोपवून धरणे कठीण जाते. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, मात्र हिवाळ्यात पक्षी दिसतातच, तेही मोठ्या थव्यांनी. धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि जलाशयाच्या परिसराला १९८६ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाणी विस्तीर्ण असले तरी काठाशी उथळ आहे. पावसाळ्यानंतर ते ओसरू लागले, की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि त्यातले किडे, शंख-शिंपले, पाणवनस्पती यांसाठी दूरदूरचे पक्षी तेथे उतरतात.

डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात, रात्री हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. नारिंगी रंगाची चक्रवाक बदके बहुधा जोडीने असतात. लांब लाल पायांचे शेकाटे, पळीसारख्या चोचीचे चमचे, काळेभोर चांदवे हे सारे तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी ओळखता येतील. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पाण्याची पातळी त्यांना मानवेल तशी जागा बदलतात, म्हणून मुलांना त्यांचे वचन आधीच देऊ नका.

शहरापासून पैठण सुमारे ५० किलोमीटर आहे. पहाटे निघा आणि सूर्योदयाच्या सुमारास सोनेवाडीसारख्या काठावरच्या गावी पोहोचा. पैठणच्या बाजूने पाहताना सकाळी सूर्य पाठीशी राहतो, त्यामुळे पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात. दुपारनंतर तोच प्रकाश डोळ्यांवर येतो आणि पाण्यावर केवळ काळ्या आकृत्या उरतात. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची घेतली, तर त्या काठावर बसून सर्व काही पाहू शकतील.

एक गोष्ट मात्र मी आग्रहाने सांगतो. ओसरलेल्या पाण्याच्या कडेचा गाळ वरून वाळलेला आणि भेगाळलेला दिसतो, पण आत ओला व खोल असतो. मोठ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत जातो, तिथे चार वर्षांच्या मुलाचे काय होईल याचा विचार करा. पक्ष्यांच्या मागे धावत मुले नेमकी त्याच दिशेने जातात. तेव्हा गवत जिथे संपते ती आपली सीमा, असा नियम गाडीतून उतरण्यापूर्वीच ठरवा आणि एका मोठ्या माणसाने केवळ मुलांकडेच लक्ष ठेवावे. मासेमारीच्या होडीत, कितीही आपुलकीने बोलावले तरी, लाइफ जॅकेट असल्याशिवाय मुलांना बसवू नये. वारा सुटला की या पाण्यावर लाटा उठतात.

कन्नडकर :
गोदाकाठ यांच्याशी मी सहमत आहे, जरी गौताळा माझ्या घराजवळचे आणि माझ्या अत्यंत जिव्हाळ्याचे रान आहे. तिथे बिबट्या आहे, अस्वल आहे, नीलगाय, चिंकारा, वानरे आणि मोर आहेत. परंतु पानगळीचे रान असल्याने जानेवारीत ते उघडे पडू लागते आणि दुपारचे ऊन मुलांना बाधते. पितळखोऱ्याची लेणी याच अभयारण्यात आहेत, पण तिथे खाली दरीत बऱ्याच पायऱ्या उतरून जावे लागते, तेव्हा आपल्या सासूबाईंना ते झेपणार नाही. शिवाय लेण्यांच्या कड्यांवर आग्या मधमाश्यांची पोळी असतात. अशा ठिकाणी अत्तर लावून जाणे, धूर करणे किंवा मुलांनी दगड भिरकावणे जिवावर बेतू शकते.

मुले थोडी मोठी झाली की पावसाळा संपता संपता गौताळ्याला अवश्य या, तेव्हा डोंगर हिरवे आणि ओढे वाहते असतात. गवताची कुसळे पायमोज्यांत रुततात आणि लहान मुले त्यानेच रडकुंडीला येतात, म्हणून जाड कापडाची पूर्ण विजार आणि बूट घालावेत. वानरांना खाऊ देऊ नये. एकदा त्यांना हाताची सवय लागली की ती मुलांच्या अंगावर येतात. अंधार पडण्यापूर्वी रानाबाहेर पडावे आणि पायवाटेवर मुलांना मोठ्यांच्या मध्ये ठेवावे.

दोन लेकरांची आई :
दोघांचेही मनापासून आभार. जायकवाडीच ठरवते. आणखी एक शंका आहे. माझा मुलगा शांत बसत नाही, त्याच्या आवाजाने पक्षी उडून गेले तर इतरांचाही हिरमोड होईल. त्याला कसे रमवावे? दुर्बीण विकत घ्यावी का?

निवृत्त शिक्षिका (परभणी) :
बाई गं, लहान मुलाला "गप्प बस" असे सांगून ते कधीच गप्प बसत नाही. त्याच्या हाती काम द्यावे लागते. मी वर्गातील मुलांना तळ्यावर नेत असे, तेव्हा प्रत्येकाला एकच पक्षी वाटून देत असे आणि तो काय खातो, कसा चालतो, कोणाशी भांडतो, एवढेच पाहायला सांगत असे. रोहित पक्षी आपली चोच उलटी करून, डोके पाण्यात बुडवून अन्न गाळून घेतो. ते पाहिल्यावर मुले स्वतःच वाकून तसे करू लागतात आणि बराच वेळ त्यातच रमतात. पिसांचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातील सूक्ष्म शेवाळ व कोळंबीसारख्या जीवांतून येतो, म्हणून लहान रोहित करडा असतो, हे सात वर्षांच्या मुलीला नक्की आवडेल. चक्रवाकाची जोडी रात्री नदीच्या दोन काठांवर दुरावते आणि एकमेकांना साद घालते, ही आपल्याकडची जुनी कविकल्पना सासूबाईंना ठाऊक असेल. ती त्यांनीच सांगावी.

दुर्बीण घ्यायची असल्यास ८ बाय ४०, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४० मिलिमीटर भिंगाची, घ्यावी. अधिक मोठी करणारी दुर्बीण हातात हलते आणि मुलांना काहीच सापडत नाही. चार वर्षांच्या मुलाला तीही जमणार नाही. त्याला पुठ्ठ्याची नळी द्यावी, म्हणजे त्याची नजर एका जागी राहील. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना जवळ बोलावू नये, त्यामुळे त्यांचे चरणे थांबते. थव्यातील पक्षी माना उंचावून एकाच दिशेने सरकू लागले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे यावे. हे मुलीच्या लक्षात आणून द्या, ती स्वतःच भावाला आवरेल.

काठावर दुकान मिळेल असे धरून चालू नये. पाणी भरपूर घ्यावे, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की दोन-तीन तास निभतात. पहाटे थंडी असते आणि दहानंतर ऊन तापते, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे एकावर एक घालावेत. मुलांना भूक आणि झोप येण्याआधीच परत फिरावे, अजून पक्षी दिसत असले तरीही.