बागेतले दाट गवत कापण्यासाठी छोटा ट्रॅक्टर: २४ अश्वशक्तीचा हलका घ्यावा की २८ चा वजनदार?

सर्वांना नमस्कार. आम्ही इंदूरचे, राहतो लोकमान्यनगरात. पण आजोबांनी घेतलेली साडेतेरा एकर जमीन सिमरोलच्या पुढे, खंडवा रस्त्यावरून आत वळल्यावर आहे. त्यातील अडीच एकरांत एक शेजारी बटाईने सोयाबीन आणि गहू घेतो व मशागत स्वतःच्या ट्रॅक्टरने करतो. उरलेल्या अकरा एकरांपैकी सहा एकरांत आंबा आणि पेरू आहे, तर पाच एकर नाल्याकडे उतरणारे गवताळ माळरान आहे. मला ट्रॅक्टर हवा आहे तो नांगरणीसाठी नव्हे, तर मुख्यतः या अकरा एकरांतील गवत वर्षातून तीनदा कापण्यासाठी. लहानशी ट्रॉली ओढता आली आणि फवारणीची टाकी उचलता आली तर उत्तमच, पण निवड त्यावर ठरणार नाही.

गवत म्हणजे हिरवळ समजू नये. माळावर कास पुरुषभर उंच वाढते, बागेत गाजरगवत कमरेपर्यंत येते आणि बांधाच्या कडेने घाणेरी व बोरीची अंगठ्याएवढ्या जाडीची झुडपे आहेत. शिवाय आमच्याकडे माळव्याची काळी माती वीतभर खोल गेली की खाली काळा पाषाण लागतो आणि त्याचे गोटे दर पावसाळ्यानंतर नव्या ठिकाणी उघडे पडतात. आतापर्यंत दोन माणसे पेट्रोलवर चालणारी ब्रश कटर घेऊन नऊ-दहा दिवस खपत असत. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये रस्त्याकडून आलेल्या आगीत पेरूची बावीस झाडे गेली. तेव्हापासून जानेवारीतली कापणी, म्हणजे कुंपणालगतचा जाळपट्टा, आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची झाली आहे.

गेल्या ऑक्टोबरमध्ये भाड्याने ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि सहा फुटी स्लॅशर (ट्रॅक्टरमागे जोडायचे, आडव्या फिरत्या पात्यांचे गवत कापायचे यंत्र) आणून पाहिला. माळ त्याने एका दिवसात साफ केला, हे मान्य करावे लागेल. बागेत मात्र आंब्याच्या खालच्या फांद्या त्याच्या छताला लागून मोडल्या, पेरूच्या दोन खोडांची साल सोलली गेली आणि वळायला जागा नसल्यामुळे प्रत्येक ओळीच्या टोकाला गवताचा त्रिकोण तसाच राहिला. त्यातच एक गोटा उडून चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या काचेवर आदळला. चालकाचा दोष फारसा नव्हता. पाच फुटी स्लॅशरचे पाते मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. मग दगड कुठे जाईल हे कोणाच्याच हातात राहत नाही.

म्हणून छोट्या ट्रॅक्टरकडे वळलो आहे. सध्या तीन नावे मनात आहेत: महिंद्राचा जिवो २४५, कुबोटाचा निओस्टार बी २४४१ आणि जॉन डिअरचा ३०२८ ईएन. तिन्ही चारही चाकांना गती देणारे आहेत. पहिले दोन २४ अश्वशक्तीचे असून त्यांची उचलक्षमता ७५० किलो आहे. जिवोचे इंजिन दोन सिलिंडरचे, तर कुबोटाचे तीन सिलिंडरचे आहे. तिसरा २८ अश्वशक्तीचा आहे, ९१० किलो उचलतो, त्याला पुढचे आणि मागचे आठ-आठ गिअर आहेत आणि त्याचे वजन हजार किलोच्या वर जाते. बागेत ओळीच्या टोकाला सतत मागे-पुढे करावे लागत असल्याने हे आठ मागचे गिअर मला फार मोहात पाडतात. परंतु बागेतली जुनी पेरूची ओळ साडेनऊ फुटांवर आहे आणि फांद्या धरल्या तर मोकळी वाट सहा फुटांचीच उरते.

मी थोडे गणित मांडून पाहिले. ते चुकले असेल तर कृपया दाखवून द्यावे. पाच फुटी, म्हणजे दीड मीटर रुंदीचे यंत्र ताशी चार किलोमीटर वेगाने चालले, तर तासाला सहा हजार चौरस मीटर कापेल. वळणे आणि एकमेकांवर येणारे पट्टे वजा केले तर साडेचार हजार धरू. अकरा एकर म्हणजे सुमारे साडेचव्वेचाळीस हजार चौरस मीटर, तेव्हा दहा तास लागतील. चार फुटी यंत्राला त्याच वेगाने साडेबारा तास लागतील. म्हणजे एका फुटाच्या फरकाने जेमतेम अडीच तास वाचतात. उलट कासाच्या दाट पट्ट्यात वेग निम्म्यावर आला, तर वेळ सरळ दुप्पट होतो. यावरून मला असे वाटू लागले आहे की यंत्राच्या रुंदीपेक्षा, इंजिन पूर्ण फेऱ्यांवर ठेवून ट्रॅक्टर किती हळू चालवता येतो हा प्रश्न मोठा आहे. आणि विक्रेते नेमके याच प्रश्नाला बगल देतात. एका विक्रेत्याने तर सपाट, नांगरलेल्या शेतात रोटाव्हेटर चालवून दाखवला आणि गवताचे विचारल्यावर अश्वशक्तीचा आकडा पुन्हा एकदा मोठ्याने सांगितला.

दुसरी शंका पीटीओच्या, म्हणजे मागे जोडलेले यंत्र फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या दांड्याच्या, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची आहे. आमच्या बाजारात मिळणारी बहुतेक स्लॅशर ५४० फेऱ्यांसाठी बनवलेली असतात. निओस्टारमध्ये ५४० आणि ९८० असे दोन वेग मिळतात, पण जिवोच्या माहितीपत्रकात ६०५ आणि ७५० लिहिले आहे. ७५० वर असे स्लॅशर चालवले तर पाते ठरल्यापेक्षा जवळजवळ ३९ टक्के अधिक वेगाने फिरेल, जे मला धोक्याचे वाटते. ६०५ वर इंजिन थोडे उतरवून ५४० मिळवावे, तर दाट गवतात जोर कमी पडेल का? ज्यांनी प्रत्यक्ष चालवले आहे त्यांनी सांगावे.

तिसरा प्रश्न यंत्राचा आहे: दगडाळ जमिनीत स्लॅशर घ्यावा की फ्लेल मोवर (आडव्या रुळावर अनेक छोटी पाती असलेले यंत्र)? फ्लेल गवत बारीक करतो आणि दगड फार दूर फेकत नाही असे वाचले, पण तेवढ्याच रुंदीला तो जास्त शक्ती मागतो आणि त्याच्या पात्यांची संख्या पाहून बदलण्याच्या खर्चाची धास्ती वाटते. जुना ३५-४० अश्वशक्तीचा, फक्त मागच्या दोन चाकांना गती देणारा ट्रॅक्टर घेण्याचा सल्लाही घरातून आला आहे. उतार पाहता माझे मन तिकडे वळत नाही, तरी कोणाचा अनुभव असेल तर ऐकायला आवडेल. खरेदी पुढील हंगामापूर्वी करायची आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आल्याने थोडा हात सैल झाला आहे, पण चुकीची वस्तू स्वस्तात घेण्याची इच्छा नाही.

प्रतिसाद, देवासहून:

आपले गणित बरोबर आहे आणि रोखही बरोबर आहे. माझ्याकडे नऊ एकर आंबा असून चार फुटी स्लॅशर तीन पावसाळे चालवतो आहे, त्या आधारावर लिहितो.

अश्वशक्ती इंजिनची न विचारता पीटीओवर मिळणारी विचारा. बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या चाचणी अहवालात ती स्वतंत्र दिलेली असते. विक्रेत्याकडे त्या अहवालाची प्रत मागावी. स्लॅशरसाठी दर फुटाला पीटीओवरची चार-पाच अश्वशक्ती असा आमचा ढोबळ हिशेब आहे. तेव्हा २४ च्या ट्रॅक्टरला चार फुटी यंत्र आरामात चालते, पाच फुटी चालते पण कासात धापा टाकते. उचलक्षमतेच्या आकड्यावरही विसंबू नका. तो यंत्र जोडायच्या खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजतात, स्लॅशरचे वजन मात्र त्याच्या बरेच मागे असते. हलक्या ट्रॅक्टरची पुढची चाके चढावर जमीन सोडू पाहतात आणि सुकाणू ऐकत नाही, म्हणून पुढे वजने लावूनच घ्या.

आपल्या गोट्यांच्या जमिनीत मी स्लॅशरच सुचवीन, पण पाती खिळीवर मोकळी फिरणारी हवीत, म्हणजे दगडाला लागून मागे वळतात. पुढे-मागे साखळ्यांचा पडदा असावा. शाफ्टला तुटणाऱ्या बोल्टऐवजी घसरणारा क्लच असेल तर दिवसातून चारदा खाली उतरावे लागत नाही. ट्रॅक्टरचा पीटीओ स्वतंत्र, म्हणजे चाकांच्या क्लचपासून वेगळा, नसेल तर ओव्हररनिंग क्लच अवश्य बसवा. तो नसला तर आपण क्लच दाबला तरी फिरती पाती गिअरबॉक्समधून ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात. मी याच कारणाने एकदा विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन थांबलो होतो.

उतारावर आडवे कापू नका, सरळ वर-खाली कापा. खाली येताना चार चाकांची गती जोडलेलीच ठेवा, कारण अशा ट्रॅक्टरांत ब्रेक मागच्या चाकांनाच असतात आणि पुढची चाके जोडलेली असली तरच तीही रोखली जातात. याच कारणाने दोन चाकांचा जुना ट्रॅक्टर आपल्या माळासाठी नको. आणि कासाचे तुरे सुटले की अर्ध्या-अर्ध्या तासाने रेडिएटरची जाळी साफ करावी लागते. जाळी हाताने ओढून काढता येते का, हे शोरूममध्येच पाहा. माझ्या ट्रॅक्टरला चार स्क्रू काढावे लागतात, आणि ते मी रोज मनातल्या मनात शिव्या देत काढतो.

धागाकर्त्याचे उत्तर:

आपण एवढे सविस्तर लिहिलेत, मनापासून आभारी आहे. ओव्हररनिंग क्लचबद्दल तीन विक्रेत्यांपैकी एकानेही चकार शब्द काढला नव्हता. काल टेप घेऊन पेरूच्या ओळी पुन्हा मोजल्या. सर्वांत अरुंद जागी फांद्यांमधली वाट पाच फूट आठ इंच भरली, त्यामुळे पाच फुटी यंत्राचा विचार सोडला आहे. चार फुटी स्लॅशर नक्की. आता निवड निओस्टार आणि ३०२८ या दोहोंत राहिली. दोन्ही विक्रेत्यांना सांगितले आहे की प्रात्यक्षिक आमच्याच माळावर, नाल्याच्या उतारावर, उभ्या कासात द्यावे आणि पहिल्या गिअरमध्ये, पूर्ण फेऱ्यांवर, पन्नास मीटर अंतर मी घड्याळ लावून मोजणार. एकाने लगेच होकार दिला, दुसरा अजून "बघतो, साहेब" म्हणतो आहे.

एक शेवटची शंका उरते. आमच्याकडे राहणारा गडी ट्रॅक्टर चालवायला नवा आहे. बागेत फांद्यांखाली जायचे म्हणून मागची सुरक्षा कमान (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी) खाली पाडता येणारी घ्यावी असे सुचवले जाते, पण मग माळावर जाताना ती पुन्हा उभी करायला तो विसरेल ही भीती आहे. ज्यांच्याकडे अशी कमान आहे, त्यांनी यावर काय उपाय केला?