मदत हवी आहे: इकालुइटला वर्षाचं वाणसामान कसं न्यावं?

नमस्कार मंडळी. बायकोला कॅनडाच्या अगदी उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशातल्या इकालुइट शहरात नर्सची नोकरी लागलीय, लेकरांसह ऑटावाहून बिऱ्हाड हलवतोय. पगार चांगला आहे, पण तिथे जायला रस्ताच नाही. सामान एकतर विमानाने येतं, नाहीतर समुद्र मोकळा असतो तेव्हा, साधारण जुलै ते ऑक्टोबर, जहाजाने. दूध-भाजीचे भाव ऐकून पोटात गोळा आला. 2011 पासून उत्तरेकडच्या वस्त्यांसाठी खाण्यापिण्याच्या वस्तूंवर सरकारची ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ सवलत आहे, तरी ते दक्षिणेपेक्षा कितीतरी चढेच. तिथल्या मूळनिवासी इनुइट कुटुंबांना तर हे कायमचंच. कॅरिबू हरणाच्या शिकारीला जायचं तरी स्नोमोबाइल (बर्फावरची गाडी) आणि पेट्रोलचा खर्च आलाच.

तांदूळ, तूरडाळ, तेल, डायपर जहाजाने पाठवायचा विचार आहे. माँट्रियलजवळच्या बंदरात माल लाकडी खोक्यात भरून द्यावा लागतो म्हणे. खोकं स्वतः ठोकावं की पॅकिंगवाल्याकडून करून घ्यावं? कणीक वर्षभर टिकते का, की गहू नेऊन घरघंटीच घ्यावी? डाळीला कीड लागू नये म्हणून काय करता? मेथी-कोथिंबीर घरात दिव्याखाली कुणी वाढवलीय का?

उत्तरेतल्याच यलोनाइफ, व्हाइटहॉर्स या शहरांकडे राहिलेल्यांनीही सांगा. जहाजाचं बुकिंग करायचंय, त्यामुळे जरा लवकर कळवलंत तर फार उपकार होतील.