तिघींचे गळे एकजीव कसे करावेत?

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी १९४० च्या दशकातील अमेरिकन अँड्र्यूज सिस्टर्स या तीन गायिका बहिणींच्या धाटणीचे गायन शिकत आहोत. प्रत्येकीला आपली ओळ (एकाच वेळी गायची वेगळी सुरावट) बिनचूक येते, परंतु एकत्र गाताच तीन वेगळे गळे ऐकू येतात. शिवाय हिंदुस्थानी संगीत शिकल्यामुळे माझ्याकडून नकळत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घेतली जाते.

प्रतिसाद १ : त्या बहिणींमध्ये मुख्य चाल पॅटी, वरची ओळ मॅक्सीन आणि खालची लाव्हर्न गात असे. तिन्ही ओळी इतक्या जवळून चालतात की एकीनेच मींड घेतली, तर सगळा मेळ विस्कटतो. म्हणून ती टाकून न देता कोठे सुरू होऊन कोठे संपेल हे तिघींनी ठरवून घ्यावे. तानपुऱ्यावर सा, ग, प एकेकीने धरून पाहा. गंधार (ग) मात्र पेटीवरून घेऊ नये, कारण समान अंतरांत जुळवलेल्या पेटीचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो.

प्रतिसाद २ : माझ्या मते खरी अडचण स्वरांची नसून उच्चारांची असावी. एकीचा ‘आ’ रुंद आणि दुसरीचा गोल असेल, तर सूर जुळूनही आवाज मिसळत नाहीत. एकाच माइकभोवती अर्धवर्तुळात उभ्या राहून, शेजारणीचा आवाज स्वतःच्या आवाजाइतकाच स्पष्ट ऐकू येईल इतक्या हळू गा, आणि शेवटचे व्यंजन एकदमच मिटा.

प्रश्नकर्ती : काल ‘आ’ आरशासमोर जुळवला, गंधार माझ्याकडेच होता आणि तो खरोखरच चढा लागत होता.